मडकं, लाख आणि ओंवळांचा वास

मे महिन्यात हैदराबादला जायचं म्हटल्यावर ऑफिसातल्या झाडून सगळ्यांनी मला एकच सल्ला दिला होता, "नको जाऊस रे, भाजून निघशील!" पण प्रशिक्षणाच्या तारखा कारकुनाला विचारून ठरत नाहीत. पाच दिवसांचं प्रशिक्षण, त्याला जोडून शनिवार-रविवार, आणि शाळेला सुट्टी. म्हणून पत्नी आणि त्या वर्षी नववीत जाणारी आमची कन्या, अशा दोघीही बरोबर निघाल्या. हैदराबादची बिर्याणी, मोती आणि चारमिनार यांवर आजवर भरपूर लिहून झालेलं आहे. त्यात माझी भर नको. मला त्या शहराने शिकवलं ते पदार्थविज्ञान! हसू नका. मी कला शाखेचा पदवीधर. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेपाशीच संपला होता. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते एका सामान्य माणसाने बघून, विचारून आणि नंतर घरी पुस्तकं चाळून समजून घेतलेलं आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचावं ही विनंती.

पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. दुपारी पारा चाळिशीला टेकलेला, आणि अंग मात्र कोरडं! आपल्याकडे गोव्यात मे महिन्यात तेहतीस-चौतीस अंशांतच शर्ट पाठीला चिकटून बसतो. पत्नी म्हणाली, "इथं घामच येत नाही हो." घाम येत होता, पण दिसायच्या आधीच उडून जात होता. दोरीवर टाकलेले कपडे तासाभरात कडक वाळत होते. आम्ही उतरलो होतो तिथल्या व्हरांड्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक मातीचं मडकं होतं. त्यातलं पाणी प्यायलो आणि थक्क झालो. फ्रिजमधल्यासारखं दात शिवशिवणारं नव्हे, पण चांगलं गार. आमच्या घरीही तसंच मडकं आहे. मे महिन्यात त्यातलं पाणी फार तर निवल्यासारखं लागतं. माती तीच, पाणी तेच, मग हा फरक कसला?

कन्येला विचारलं, तर तिने पाठ केलेलं वाक्य धडाधड म्हणून दाखवलं, "इव्हॅपोरेशन कॉजेस कूलिंग." नववीची पुस्तकं तिने आधीच आणून ठेवली होती, आणि विज्ञानाचा पहिलाच धडा द्रव्यावरचा होता. द्रव्य कणांचं बनलेलं असतं, कण सतत हलत असतात, वगैरे. म्हटलं, म्हणजे नेमकं काय? तर म्हणाली, "ते असंच लिहायचं असतं." आणि मग थोडं थांबून, "पण बाबा, कण हलतात हे कुणी पाहिलंय? दिसत नाही ते मानायचं कशाला?"

हा प्रश्न त्या आठवडाभर माझ्या डोक्यात घुमत राहिला. त्याच्याकडे येतोच, पण आधी मडक्याचा हिशेब पुरा करतो.

पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, पण एका जागी बसलेले नसतात. सारखे धडपडत, एकमेकांना ढकलत फिरत असतात. सगळ्यांचा वेग सारखा नसतो. काही सुस्त, बरेचसे मध्यम, आणि थोडे भलतेच चपळ. पृष्ठभागापाशी आलेल्या चपळ कणाला बाकीच्यांची पकड सोडवून हवेत निसटता येतं. चपळ निघून गेले की मागे राहतात ते सुस्त. आणि आपण ज्याला तापमान म्हणतो ते या धडपडीचंच माप. धडपड कमी झाली म्हणजेच पाणी गार झालं. मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, पृष्ठभाग वाढतो, आणि निसटायला जागाच जागा मिळते. एक ग्राम पाणी उडून जाताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढ्याने शंभर ग्राम पाणी जवळजवळ ६ अंशांनी निवतं. मूठभर पाणी गमावून मडकंभर पाणी गार होतं ते असं.

मग गोव्यात का नाही? कारण आपल्या हवेत पाण्याचे कण आधीच भरलेले. पाण्यातून जेवढे निसटतात, जवळजवळ तेवढेच हवेतून परत पाण्यात येऊन पडतात. उठलेला पाहुणा पुन्हा येऊन बसावा तसं. हैदराबादची उन्हाळी हवा कोरडी, तिथे गेलेला कण सहसा परतत नाही. म्हणून तिथे दारोदार वाळ्याचे कूलर घरघरत असतात, आणि गोव्यात तोच कूलर आणून लावला तर घर नुसतं दमट होतं. चवथीच्या दिवसांत घुमटाचं चामडं सैल पडतं आणि आपली माणसं ते चुलीपाशी शेकवतात, त्यातलंही मर्म हेच. दमट हवेतले पाण्याचे कण चामड्यात शिरून बसतात, आणि शेक दिला की त्यांची धडपड वाढून ते बाहेर पडतात. घुमट पुन्हा टणत्कार देऊ लागतो.

हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथे पाणी शंभरऐवजी सुमारे ९८ अंशांनाच उकळतं, कारण वरून दाबणारी हवा थोडी विरळ असते. इराणी चहाच्या हॉटेलात बसून मी हे कन्येला सांगत होतो, आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र आपली काजूची भाटी येत होती. भाणात रस तापतो, मद्यार्काच्या कणांची आपसातली पकड पाण्याहून सैल, म्हणून ते ७८ अंशांच्या आसपासच उकळतात, आधी आणि अधिक संख्येने बाहेर पडतात. पुढे लावणीत निवले की धडपड मंदावते आणि पुन्हा थेंब होतात. आपल्या भाटीवाल्यांनी हे कण कधी पाहिले नव्हते, पण जाळ किती ठेवायचा ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. जाळ जास्त झाला की पाण्याचे कणही घुसतात आणि माल पातळ होतो.

रविवार मोकळा होता. सकाळी गोवळकोंडा आणि संध्याकाळी चारमिनार असा बेत ठरला.

गोवळकोंड्याला मराठी माणूस गेला की त्याला १६७७ साल आठवतं. त्या वर्षी शिवाजी महाराज भागानगरात आले होते आणि कुतुबशहा अबुल हसन तानाशहाने त्यांचं स्वागत केलं होतं. दहाच वर्षांनी, १६८७ साली, आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर किल्ला औरंगजेबाच्या हाती गेला, तोही फितुरीने. या किल्ल्याच्या फतेह दरवाजापाशी घुमटाखाली उभं राहून टाळी वाजवली की ती जवळजवळ एक किलोमीटरवरच्या, टेकडीच्या माथ्यावरील बाला हिसारपर्यंत ऐकू येते. गाईडने टाळी वाजवून दाखवली. वर कुणीतरी टाळीने उत्तर दिलं. संकटाची वर्दी देण्याची ही सोय. पण दार आतूनच उघडलं तर टाळी तरी काय करणार?

पत्नीने विचारलं, "म्हणजे इथली हवा तिथपर्यंत जाते?" मला वाटतं हा प्रश्न आपल्यातल्या पुष्कळांच्या मनात येत असेल. हवा जात नाही, धक्का जातो. रथाच्या दोराला माणसं हारीने उभी असतात आणि मागून एकाने रेटलं की तो रेटा पुढच्यापर्यंत पोचतो, रेटणारा मात्र आपल्या जागीच असतो. टाळीपाशी हवेचे कण दाटतात, ते पुढच्यांना ढकलतात, ते त्यांच्या पुढच्यांना. हा निरोप उन्हाळ्यातल्या हवेत सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने जातो, म्हणजे बाला हिसारला पोचायला तीन सेकंद. घुमटाचं काम एवढंच की निरोप चारी दिशांना विखरून न जाता एकवटून बाहेर पडावा.

गोवळकोंडा म्हणजे हिऱ्यांची बाजारपेठ. खाणी कृष्णेच्या खोऱ्यात होत्या, त्यातली कोल्लूरची फार नावाजलेली, पण व्यापार इथे, म्हणून जगभर नाव गोवळकोंड्याचं झालं. हिऱ्यात कार्बनचा प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना घट्ट बांधलेला असतो. त्याला जागा सोडता येत नाही. पण जागच्या जागी तो थरथरत असतो, आणि बांधणी इतकी ताठ की एका टोकाची थरथर दुसऱ्या टोकाला लगेच पोचते. म्हणून हिरा तांब्याच्या कित्येक पट चांगला उष्णतावाहक आहे, आणि म्हणूनच तो हाताला काचेपेक्षा थंड लागतो. तो आपल्या बोटाची ऊब भराभर ओढून घेतो. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान आपल्याकडचा जेकब हिरा पेपरवेट म्हणून वापरत असत, असं सांगतात. तो हिरा गोवळकोंड्याचा नव्हे, दक्षिण आफ्रिकेतला. १८४ कॅरटहून अधिक वजनाचा. १९९५ साली भारत सरकारने निजामाच्या दागिन्यांबरोबर तो विकत घेतला. पेपरवेटशी माझा रोजचा संबंध, त्यामुळे ही गोष्ट मला फार आवडली. आमच्या टेबलावरचा काचेचा. काचेतही कण घट्टच असतात, पण त्यांची मांडणी हिऱ्यासारखी शिस्तीची नसते. गर्दीत जो जिथे अडकला तो तिथेच राहिला, असा प्रकार. या बेशिस्तीचा उपयोग काय, ते त्याच संध्याकाळी बघायला मिळालं.

१५९१ साली बांधलेल्या चारमिनारच्या शेजारीच लाड बाजार. दुतर्फा बांगड्यांची दुकानं, आणि मागच्या गल्ल्यांतून लाखेच्या बांगड्या घडवणारे कारागीर. हैदराबादच्या या लाखेच्या बांगड्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर निखाऱ्यांवर लाखेची कांडी फिरवत होता. लाख आधी टणक, मग चिवट, मग मऊ कणकेसारखी. तिची वळी करून, बांगडीचा आकार देऊन, ऊब आहे तोवर एकेक खडा चिमट्याने दाबून बसवायचा. कन्या बराच वेळ बघत उभी होती. म्हणाली, "बर्फ असा हळूहळू मऊ होत नाही."

अगदी खरं! बर्फात कण शिस्तीने बसलेले. सगळ्यांची पकड सारखी, म्हणून तापवल्यावर ती ठरावीक तापमानाला, शून्य अंशाला सुटते. लाखेत लांब-आखूड कण गुंत्यासारखे अडकलेले. काही पकडी सैल, काही घट्ट. ऊब वाढेल तसतशा एकेक सुटत जातात. म्हणून लाखेला वितळण्याचा एकच नेमका अंश नाही. ती मऊ होत जाते, आणि या मधल्या अवस्थेवरच त्या माणसाचं पोट अवलंबून आहे. लाख बर्फासारखी एकदम वितळली असती तर बांगडी कधी घडलीच नसती. काच फुंकून आकार देता येतो तोही याच गुणामुळे.

मला आपल्या कुंकळ्ळीचे चितारी आठवले. ते तर निखारासुद्धा घेत नाहीत. चरकावर लाकूड फिरत असतं आणि त्यावर ते लाखेची रंगीत कांडी टेकवतात. घासण्यानेच ऊब निर्माण होते, लाख मऊ होते आणि लाकडावर चढते. हात हातावर चोळला की ऊब येते, तीही घासण्याने कणांना मिळालेली जास्तीची थरथरच. कुंकळ्ळी ते लाड बाजार एवढं अंतर, पण दोन्हीकडच्या हातांना लाखेचा स्वभाव सारखाच कळलेला.

त्याच भागात मिठाईवर लावायचा चांदीचा वर्ख मिळतो. पूर्वी तो हाताने, हातोडीने तासन् तास ठोकून करत. हिऱ्यावर हातोडी मारली तर तो फुटेल. चांदी फुटत नाही, पसरते, कारण तिच्या अणूंचे थर पकड न सोडता एकमेकांवरून सरकतात. फुंकरीने उडेल इतका पातळ झाला तरी वर्ख अखंड राहतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, त्या अत्तराकडे येतो.

चारमिनारच्या आसपास अत्तराची जुनी दुकानं आहेत. काचेच्या लहान लहान कुप्या, कापसाचे बोळे, आणि दुकानदाराची घाई नसलेली बोलण्याची रीत. त्याने मनगटावर खस लावला, मोगरा लावला, पहिल्या पावसाच्या मातीचं अत्तर लावलं. पत्नी दुकानाच्या पायरीवर उभी होती. तिच्यापर्यंत वास पोचायला थोडा वेळ लागला.

हा "थोडा वेळ" साधा नाही. १८५७-५८च्या सुमारास युरोपात याच्यावरून मोठा वाद झाला होता. क्लॉसियस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलं होतं की वायूचे कण सेकंदाला शेकडो मीटर वेगाने धावतात. त्यावर बाइज बॅलट या डच हवामानशास्त्रज्ञाने आक्षेप घेतला. कण एवढे वेगवान, तर खोलीच्या एका कोपऱ्यातला वास दुसऱ्या कोपऱ्यात क्षणात का पोचत नाही? बिनतोड प्रश्न! क्लॉसियसने १८५८ मध्येच उत्तर दिलं. कण धावतो जोरात, पण सरळ जाऊ शकत नाही. वाटेत दुसऱ्या कणावर आपटतो, दिशा बदलते, पुन्हा आपटतो. आपल्या भोवतालच्या हवेत कण साधारण ५०० मीटर वेगाने धावतो, पण दोन धडकांमधलं अंतर मिलिमीटरचा सुमारे पंधरा हजारावा भाग. एका सेकंदात अब्जावधी धडका. इतकं धावूनही तो फार लांब जात नाही. हवेची झुळूक नसती तर अत्तराचा वास नुसत्या या धडकाधडकीने पायरीपर्यंत पोचायला कितीतरी अधिक वेळ लागला असता.

सरकारी कार्यालयात वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे समजायला पुस्तक लागत नाही. आमच्याकडच्या फायली याच पद्धतीने प्रवास करतात. या टेबलावरून त्या टेबलावर, तिथून शेरा घेऊन मागे, पुन्हा दुसरीकडे. दिवसभर फाईल हलतच असते, आणि संध्याकाळी बघावं तर सकाळी होती तिथून दोन टेबलं पुढे!

दुकानदाराने कुपी बांधून देताना बजावलं, "ढक्कन कस के रखो भाईसाब, धूप में नक्को रखो." ऊन लागलं की कणांची धडपड वाढणार, आणि बूच सैल असलं की ते निघून जाणार. त्या क्षणी मला आमच्या घरातली एक गोष्ट आठवली आणि मी गप्प झालो.

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिची पत्र्याची एक ट्रंक आहे. आत तिची लुगडी, आणि घड्यांमध्ये तिने ठेवलेल्या सुकलेल्या ओंवळांच्या, म्हणजे बकुळीच्या, माळा. ओंवळां सुकली तरी वास सोडत नाहीत, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. आई असताना ट्रंक उघडली की तो वास घरभर येत असे. ती गेल्यानंतर ताई चवथीला माहेरी येते तेव्हा ट्रंक उघडते, चेहरा आत घालून क्षणभर थांबते आणि लगेच झाकण लावते. "वास जाईल," म्हणते. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. पत्नीचं म्हणणं, लुगडी कसर लागून जातील, त्यापेक्षा वापरूया, गोधड्या शिवूया. यावरून ताईचं आणि तिचं एकदा चांगलंच वाजलं होतं, आणि मधे मी.

अत्तराच्या दुकानात पहिल्यांदा मला या भांडणाचा अर्थ कळला. वास येतो म्हणजे काय होतं? त्या वस्तूचे कण निघून आपल्या नाकात येतात. दिसणं आणि ऐकणं यांत वस्तू आपल्या जागीच राहते, टाळी वाजवणारा फतेह दरवाजापाशीच उभा असतो. वासाचं तसं नाही. ओंवळांचा वास आला याचा अर्थ ओंवळांचा एक अंश आपल्यात आला, आणि माळेत तेवढा कमी झाला. बंद ट्रंकेत सुटलेले कण तिथेच घोटाळतात, पुष्कळसे परत कापडावर, माळेवर येऊन बसतात, गोव्याच्या हवेतल्या मडक्यासारखं. झाकण उघडलं की ते मोकळे होतात आणि परतत नाहीत. तेव्हा ताई म्हणते त्यात तथ्य आहे. पण ट्रंकेचं झाकण काही अत्तराच्या कुपीचं बूच नव्हे. फटींतून रोज थोडं थोडं जातंच आहे. त्याच ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या नाही का, न वितळताच झिजत झिजत कागदाच्या पुड्या रिकाम्या ठेवून जात? उघडा किंवा नका उघडू, एक दिवस तो वास संपणारच.

आता कन्येचा प्रश्न. कण कुणी पाहिलेत?

घरी आल्यावर वाचनालयातून पुस्तकं आणून दोघांनी मिळून वाचलं. आपल्याकडे कणादाच्या वैशेषिक दर्शनात परमाणूंचा विचार आहे, आणि कवडशात तरंगताना दिसणाऱ्या धुळीच्या कणाला त्रसरेणू असा सुंदर शब्द आहे. जुन्या कौलारू घरात वाढलेल्या प्रत्येक गोंयकाराने तो पाहिला आहे. पण म्हणून "आपल्याला सगळं आधीच ठाऊक होतं" असं म्हणायची मला घाई नाही. कवडशातली धूळ मुख्यतः हवेच्या झुळकीने हलते, आणि तर्क करणं वेगळं, मोजून दाखवणं वेगळं.

मोजण्याची गोष्ट सुरू होते १८२७ साली. रॉबर्ट ब्राऊन हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली परागांमधले बारीक कण पाण्यात बघत होता. ते सारखे थरथरत, वेडेवाकडे भटकत होते. जिवंत असतील म्हणावं, तर त्याने काचेची, दगडांची पूड टाकून बघितली. इजिप्तच्या स्फिंक्सच्या तुकड्याची पूडसुद्धा! तीही तशीच भटकली. म्हणजे हे जीवाचं लक्षण नव्हे. पुढे जवळजवळ ऐंशी वर्षं याचं पक्कं कारण कुणाला देता आलं नाही, आणि अणू खरे आहेत की केवळ हिशेबाची सोय, यावर मोठमोठे विद्वान भांडत राहिले. म्हणजे आमच्या कन्येचा प्रश्न विचारणारी माणसं लहानसहान नव्हती!

१९०५ मध्ये आइनस्टाइनने गणिताने दाखवलं की पाण्याचे न दिसणारे कण जर सर्व बाजूंनी असमान धडका देत असतील, तर दिसणारा कण अमुक वेळात अमुक इतका भरकटला पाहिजे. आणि १९०८च्या सुमारास फ्रान्समध्ये झाँ पेरँ याने ते प्रत्यक्ष मोजलं. हिशेब जुळला. पेरँने या प्रयोगासाठी जो पिवळा राळेसारखा चीक वापरला, तो गार्सिनिया जातीच्या झाडाचा. आपलं भिरंड त्याच गोत्रातलं! हे वाचलं तेव्हा मला जो आनंद झाला तो काय सांगू. ज्या ऑस्टवाल्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने अणूंना वर्षानुवर्षं विरोध केला होता, त्यानेही या पुराव्यानंतर ते मान्य केले. पेरँला १९२६ चं नोबेल मिळालं.

कन्येला म्हटलं, गर्दीत मूर्तीची पालखी डुलताना लांबून दिसते, खांदे देणारे दिसत नाहीत. पण डुलण्यावरून खांदेकरी आहेत हे कळतं, आणि किती आहेत याचा अंदाजही बांधता येतो. तिला ते पटलं. मग म्हणाली, "हे परीक्षेत लिहिता येणार नाही, पण आता लक्षात राहील."

हे सगळं आम्ही मराठीत बोललो. त्यावरून हैदराबादचीच एक गोष्ट सांगाविशी वाटते. १९१८ साली तिथे उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं ते उर्दू माध्यमातून. त्याआधी १९१७ मध्ये खास भाषांतर विभाग काढून विज्ञानासकट सर्व विषयांची पुस्तकं उर्दूत आणायचं काम सुरू झालं. आधुनिक विज्ञान देशी भाषेत शिकवता येतं हे दाखवणारा तो फार मोठा प्रयोग होता. १९४८ नंतर ते माध्यम गेलं. अर्थात त्याची दुसरी बाजूही आहे. निजामाच्या राज्यातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी. मराठवाड्यातल्या मुलाला उर्दू ही काही घरची भाषा नव्हती. १९६१ पर्यंत पोर्तुगीजमधून शिकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको. पण शब्द घडवण्याची ती धडपड मला मोलाची वाटते. शब्द ओळखीचा असला की प्रश्न विचारायला धीर येतो. आमच्या कन्येने "इव्हॅपोरेशन" पाठ केलं होतं, "दिसत नाही ते मानायचं कशाला" हे मात्र तिने मराठीत विचारलं.

तरीही आपले शब्द तपासूनच घ्यायला हवेत. सॉलिडला आपण "स्थायू" म्हणतो, स्थिर राहणारा. प्रत्यक्षात हिऱ्यातला अणूही थरथरतो आहे, आणि उणे २७३ अंशांपर्यंत निववत नेलं तरी ती थरथर अगदी शून्य होत नाही. आपण सृष्टीला "चराचर" म्हणतो. कणांच्या पातळीवर त्यातलं अचर काही सापडत नाही. त्यापेक्षा "जगत्" हा शब्द अधिक अचूक वाटतो. त्याचा मूळ अर्थच जाणारं, चालणारं.

त्या वर्षी चवथीला ताई आली तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. कणांचं, अत्तराचं, फटींचं. ती ऐकत राहिली. म्हणाली, "म्हणजे राखून राहणार नाहीच तर." मग तिनेच ट्रंक मधल्या खोलीत ओढून आणली आणि झाकण पूर्ण उघडलं. लुगडी बाहेर काढली. एक तिने घेतलं, एक पत्नीला दिलं, एक कन्येच्या खांद्यावर टाकलं. बाहेर पाऊस होता, दारं बंद होती. ओंवळांचा वास हळूहळू ओसरीपर्यंत आला. शेजारची मुलं माटोळीच्या फळांखाली खेळत होती. त्यातल्या एकाने मान वर करून विचारलं, कसला वास येतो हा?